जेट नौकेचे इंजिन : बिघाडाचा शोध

१९७७ साली सर एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध हिमालयाकडे प्रवास केला, तो जेट नौकांतून. नंदप्रयागजवळ एका धबधब्याने नौकांची वाट अडविली. या नौकांचे मूळ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील आहे. तेथील बिल हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात उथळ व खडकाळ नद्यांसाठी त्या विकसित केल्या. या नौकेला पाण्यात लोंबणारा पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते आणि पंप ते मागील तोंडातून जोराने बाहेर फेकतो. त्या झोताची दिशा बदलली की नौका वळते.

यातूनच एक गंभीर गोष्ट निष्पन्न होते. इंजिन बंद पडले की झोत थांबतो आणि झोत थांबला की नौकेला सुकाणूच उरत नाही. वेगवान प्रवाहात ती खडकाकडे ओढली जात असता चालकाच्या हाती फारसे काही राहत नाही. म्हणून इंजिनाची तपासणी काठावरच झाली पाहिजे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असून यंत्राशी त्याचा संबंध स्कूटरच्या किकपुरता आला आहे. तरीही शोधाची ही पद्धत समजण्यास फार यंत्रज्ञान लागत नाही, असे त्याला वाटते. येथे डिस्ट्रिब्यूटर असलेल्या जुन्या धर्तीच्या पेट्रोल इंजिनाचा विचार केला आहे.

प्रारंभी एक इशारा देणे आवश्यक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती नौकेच्या तळाशी साचते. म्हणून प्रथम इंजिनावरील झाकण उघडावे, वायुवीजनाचा पंखा काही मिनिटे चालवावा आणि वास पूर्ण गेल्याखेरीज ठिणगीची कोणतीही परीक्षा करू नये. स्वस्त मिळतो म्हणून मोटारीचा स्टार्टर किंवा डिस्ट्रिब्यूटर नौकेत बसविणे हाही याच कारणासाठी जीवघेणा व्यवहार होय. नौकेसाठी बनविलेल्या भागांची रचना आतील ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये अशी असते.

स्टार्टर मंद फिरत असेल, तर बॅटरी आणि तिच्या टोकांवरील गंज पाहावा. तो जोमाने फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर चालकाच्या अंगाला बांधावयाची सुरक्षा-दोरी आपल्या जागी आहे ना, हे प्रथम तपासावे. ती निसटलेली असेल तर प्रज्वलनच बंद राहते. हे सांगणे पोरकट वाटेल. परंतु या दोरीचा विसर पडून निष्कारण अर्धे इंजिन खोलून बसण्याची पाळी येऊ शकते.

त्यानंतर ठिणगीचा मागोवा घ्यावा. बंदिस्त ठिणगी-परीक्षक वापरून कॉइलमधून निघणाऱ्या जाड तारेवर ठिणगी मिळते का, ते पाहावे. तेथे ती मिळत असून प्लगपर्यंत पोचत नसेल, तर दोष डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत, रोटरमध्ये किंवा तारांमध्ये असतो. टोपीला गेलेला केसाएवढा तडा, किंवा तिच्या आत धरलेला दमटपणा, ठिणगीला भलतीकडे नेण्यास पुरेसा होतो. कॉइलवरच ठिणगी नसेल, तर तिला वीज मिळते का, पॉइंट जळाले आहेत का, कंडेन्सर निकामी आहे का, हे क्रमाने पाहावे. ठिणगी उत्तम असेल, तर प्लग काढून न्याहाळावा. तो पेट्रोलने भिजलेला असेल तर इंधन अतिरिक्त झाले आहे; कोरडा असेल तर ते पोचतच नाही. टाकीतील पाणी आणि तुंबलेला फिल्टर ही त्याची नेहमीची कारणे होत.

इंजिन सुरू होते, मात्र नौकेला जोर येत नाही, ही तक्रार अधिक फसवी आहे. येथे फेऱ्यांचे मापक हाच खरा साक्षीदार. पंपाचा भार मुख्यतः फेऱ्यांवर अवलंबून असतो. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला फेरे नेहमीपेक्षा कमी पडत असतील, तर इंजिन अशक्त झाले आहे. फेरे नेहमीइतके किंवा अधिक असून नौका मंद असेल, तर दोष पंपात शोधावा. जाळीत अडकलेले शेवाळ, पात्यांत रुतलेला गोटा, अथवा वाळूने झिजून पाती आणि त्यांचे आवरण यांत वाढलेली फट, यांमुळे पंपाची पकड सुटते. जाळी साफ करताना इंजिन बंद असावे आणि किल्ली काढून खिशात ठेवलेली असावी.

इंजिन मंदगतीत गोड चालते आणि भार येताच अडखळते, तेव्हा ठिणगीचाच संशय घ्यावा. भाराखाली सिलिंडरमधील दाब वाढतो आणि ठिणगी उडण्यास अधिक विद्युतदाब लागतो. जुनी तार तो सहन करीत नाही व वीज वाटेतच गळते. सर्व प्लग ओळीने मांडून पाहिले असता फिकट तपकिरी रंग आरोग्याचा, काजळी अतिरिक्त इंधनाची, तर पांढरेफटक टोक अतिउष्णतेची खूण देते. एकच प्लग इतरांहून निराळा दिसला तर रोगी सिलिंडर सापडला, असे समजावे. पॉइंटची फट झिजेने कमी झाल्यास ठिणगी उशिरा पडते, जोर घटतो आणि इंजिन तापते. मात्र ते तापत असेल, तर प्रथम थंडाव्याच्या पाण्याची गाळणी उघडावी. हे पाणी बहुधा पंपातूनच घेतलेले असते आणि उथळ नदीत त्याबरोबर वाळू येतेच.