अंतराळवीर आणि संगणक यांचा संवाद

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा त्यांच्या यानात एक छोटा संगणक होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत त्याची रचना झाली होती. यानाचे स्थान व वेग यांचे गणित सतत मांडून इंजिनास आज्ञा देणे, हे त्याचे मुख्य काम. त्याची उत्तरे मात्र केवळ अंकांत मिळत. मग अंतराळवीर त्याच्याशी बोलत तरी कसे?

यासाठी व्याकरणाचाच आधार घेण्यात आला. यानातील फलकावर अवघ्या १९ कळा होत्या. त्यांतील एक ‘क्रियापदा’ची, तर एक ‘नामा’ची. काय करावयाचे हे क्रियापदाने आणि कशाविषयी हे नामाने, दोन-दोन अंकांत सांगावयाचे. क्रियापद १६ म्हणजे ‘सतत दाखवीत राहा’. नाम ३६ म्हणजे ‘संगणकाच्या घड्याळातील वेळ’. हे अंक भरून शेवटची कळ दाबताच वेळ फलकावर उमटे. उलटपक्षी, संगणकाला काही विचारावयाचे असल्यास क्रियापद व नाम यांचे अंक उघडझाप करू लागत. मुख्य इंजिन पेटविण्यापूर्वी तो अशाच रीतीने अंतराळवीराची संमती मागत असे.

या संवादात बारीकशी चूकही महाग पडे. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ परतीच्या वाटेवर असता जेम्स लॉव्हेल यांच्याकडून ०१ क्रमांकाच्या ताऱ्याऐवजी ०१ क्रमांकाचा कार्यक्रम निवडला गेला. तो उड्डाणापूर्वीच्या तयारीचा कार्यक्रम होता. साहजिकच यान पृथ्वीवरच उभे आहे असे संगणकाने गृहीत धरले व दिशेचा हिशेब पुसला गेला. लॉव्हेल यांनी ताऱ्यांचा वेध घेऊन तो पुन्हा बसविला.

अपोलो-११ च्या वेळी मात्र कसोटी संगणकाची लागली. चंद्रावर उतरत असता फलकावर १२०२ हा धोक्याचा अंक झळकला. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे संगणकावर कामाचा अतिरिक्त भार पडला होता. तथापि, कामांचा अग्रक्रम आधीच ठरविलेला असल्याने त्याने कमी महत्त्वाची कामे बाजूस सारली व यान सावरण्याचे काम अखंड चालू ठेवले. पृथ्वीवरील नियंत्रण कक्षातील तज्ज्ञांनी या अंकाचा अर्थ ओळखून उतरण्यास अनुमती दिली.

यंत्र कितीही कुशल असो, त्याची भाषा जाणणारा आणि वेळेवर निर्णय घेणारा माणूस त्याच्या पाठीशी असावाच लागतो, हे या दोन्ही प्रसंगांवरून दिसून येते.