साहेब बदलून जाण्याआधी सीआर लिहून घ्या

सीआरमधलं, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालातलं, स्वयंमूल्यमापन म्हणजे रकाने भरायचे आणि सही करून टाकायची, असं बहुतेकजण धरून चालतात. मी तसं केलं नव्हतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि पंचनाम्यांसाठी आमची रत्नागिरीहून तिकडे रवानगी झाली. चिखलाने भरलेल्या बाजारपेठेत दुकान न् दुकान फिरलो. कुठल्या भागात किती पंचनामे, अहवाल कधी सादर केला, हे सगळं आदेशाच्या क्रमांकासकट लिहून दिलं.

पुढे पदोन्नतीची यादी लागली. ज्येष्ठतेत माझ्या खाली असलेले वर गेले, माझं नाव नाही. सीआरची प्रत मिळवायलाही हेलपाटे घालावे लागले. हातात आली तर माझ्या पानभर मजकुरापुढे साहेबांचा शेरा, ‘काम सर्वसाधारण’. प्रतवारी ‘ब’. सही फेब्रुवारीत रुजू झालेल्या साहेबांची! पुराच्या वेळी ते या जिल्ह्यातही नव्हते. ज्यांनी माझं काम पाहिलं ते साहेब जानेवारीत बदलून गेले. मी फॉर्म पुढे केला, तर ‘नवे साहेब लिहितील’ म्हणाले. निदान तीन महिने काम पाहिल्याशिवाय शेरा लिहायचा नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. नव्या साहेबांना विचारलं, तर फायलीतून मान वर न करता म्हणाले, ‘सगळ्यांनाच तसं दिलंय.’ ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून सांगतो. साहेबांच्या बदलीचा आदेश निघाला की ते कार्यमुक्त होण्याआधी तेवढ्या काळाचा सीआर लिहून घ्या. तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. स्वयंमूल्यमापनात ‘मेहनतीने काम केले’ असलं काही लिहू नका; काम, आकडा, तारीख लिहा. वर्षभर डायरी ठेवा. संयम ठेवा, हे तर सगळेच सांगतात.

शेरा चांगला असो वा वाईट, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं आणि 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात पुन्हा ठणकावलं. मला कुणीही कळवलं नव्हतं. पदोन्नती समिती मागच्या वर्षांचे सीआर पुढ्यात घेऊनच बसते, त्यामुळे यादी लागेपर्यंत थांबू नका. दरवर्षी प्रत मागा, शेरा पटला नाही तर मुदतीत लेखी अभिवेदन द्या. माझं अभिवेदन अजून निर्णयाविना पडून आहे.