अंतर कमी, तरी वेळ तितकाच?

प्रश्न : अमरावतीहून मुंबई नागपूरपेक्षा जवळ. मग विमानाला वेळ कमी का लागत नाही? – एक वाचक, सिंदी (रेल्वे)

उत्तर : हिशेब बरोबर आहे. हवाई अंतर नागपूरहून सुमारे ६८० किलोमीटर, अमरावतीच्या बेलोऱ्याहून साधारण ५४०. पण एप्रिल २०२५मध्ये बेलोऱ्याहून सुरू झालेली सेवा एटीआर-७२ या पंख्याच्या विमानाची. वेग ताशी जेमतेम ५०० किलोमीटर. नागपूरची जेट विमानं ८००च्या आसपास उडतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि मुंबईवरच्या घिरट्याही धरलेल्या असतात. सिंदीकरांनी बेलोऱ्याच्या फंदात पडूच नये. नागपूरचा विमानतळ वर्धा रोडलाच, बुटीबोरी ओलांडल्यावर शहराच्या अलीकडे लागतो. बुटीबोरीच्या ट्रकांसाठी तेवढा अर्धा तास हाताशी ठेवा.