राखीव बॅटरी तपासा, मग चावी फिरवा

गार्मिन जी-1000 बसवलेल्या सेस्ना 172 मध्ये वैमानिकासमोर काटेवाल्या तबकड्यांच्या रांगेऐवजी दोन मोठे पडदे असतात. वीज गेली की पडदे काळे. म्हणून मुख्य बॅटरीखेरीज 24 व्होल्टची एक राखीव बॅटरी दिलेली असते. ती तपासण्याची आणि वेळ आल्यास पुरवून वापरण्याची ही कृती. तुमच्या विमानाची पुस्तिका वेगळे सांगत असेल, तर तिचेच ऐका.

मास्टर स्विच बंद असतानाच राखीव बॅटरीचा स्विच 'टेस्ट'कडे दाबून 20 सेकंद धरून ठेवा. हिरवा दिवा शेवटपर्यंत पेटलेला राहिला पाहिजे. दिवा दिसताच बोट काढण्याची घाई नको. तो पेटतो का एवढेच नाही, टिकतो का हे पाहायचे आहे. मध्येच विझला तर उड्डाण रद्द.

मग स्विच 'आर्म'वर टाका. डावा पडदा उजळेल. त्यावर अत्यावश्यक बसचे व्होल्ट किमान 24 हवेत, मुख्य बसचे 1.5 किंवा त्याहून कमी, आणि राखीव बॅटरीचे अँपिअर उणे. मधला आकडा सहज नजरेआड होतो, पण तो महत्त्वाचा. मुख्य बसवर जास्त व्होल्ट दिसले, तर राखीव वीज तिकडे झिरपते आहे. खऱ्या अडचणीत ती पडद्याला पुरायची नाही. इंजिन सुरू झाल्यावर दोन्ही बॅटऱ्यांचे अँपिअर अधिक दिसले पाहिजेत.

हवेत 'लो व्होल्ट्स'चा इशारा आला, तर मास्टरमधला फक्त अल्टरनेटरचा स्विच बंद करा, त्याचा सर्किट ब्रेकर आत आहे ना बघा, आणि स्विच पुन्हा चालू करा. इशारा गेला नाही तर अल्टरनेटर बंदच ठेवा आणि लगेच भार उतरवा: एव्हिऑनिक्सची पहिली बस, बाहेरचे सगळे दिवे, केबिनमधले 12 व्होल्टचे सॉकेट. पिटो हीटही बंद, गरज नसेल तरच. पहिल्या रेडिओवर हवी ती फ्रिक्वेन्सी लावून घ्या आणि मगच एव्हिऑनिक्सची दुसरी बस बंद करा. उजवा पडदा जाईल, जाऊ द्या.

इथून पुढे मुख्य बॅटरीच सगळे ओढते. तिचे व्होल्ट 20 च्या खाली गेले की राखीव बॅटरी आपोआप कामाला लागते आणि डावा पडदा, पहिला रेडिओ व पहिले दिशादर्शन यंत्र किमान 30 मिनिटे चालवते. ही मिनिटे मुक्कामाच्या विमानतळापर्यंत रेटत नेण्यासाठी नाहीत. जवळची सोयीची धावपट्टी गाठा.

विमान उभे केल्यावर मास्टरपाठोपाठ राखीव बॅटरीचा स्विचही बंद करा. 'आर्म'वर राहिला, तर रिकाम्या विमानात पडदा चालवत राखीव बॅटरी संपून जाते.