मिरजेच्या तंबोऱ्याला कोटी का येत नाहीत?

प्रश्न : इटलीच्या स्ट्रॅडिव्हरीची जुनी व्हायोलिनं कोट्यवधींना विकली जातात. मग आमच्या पणजोबांचा मिरजेचा तंबोरा लिलावात काढला, तर काय येईल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कोटी विसरा. पण कारण आवाज नव्हे.

अंतोनिओ स्ट्रॅडिव्हरी क्रेमोनाचा. १७३७ साली नव्वदी ओलांडून वारला, तोवर पटाशी खाली ठेवली नाही. त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज उरली आहेत. नामवंत वाद्यं कोणाकडून कोणाकडे गेली, याची वंशावळ व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवली. १७२१ चं ‘लेडी ब्लंट’ २०११ मध्ये १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं; तेव्हाचे सत्तर कोटी रुपये. पैसे जपानच्या भूकंपग्रस्तांना मिळाले. गंमत अशी, की २०१० मध्ये इंडियानापोलिसला वादकांना काळे चष्मे लावून जुनी-नवी व्हायोलिनं वाजवायला दिली, तर बहुतेकांनी नवं निवडलं! किंमत आहे ती नावाची, टंचाईची आणि कागदाची.

आपला मिरजेचा वाद्यकारागीर फरीदसाहेब सितारमेकर काही कमी नव्हता. घराणं शिकलगारांचं, हत्यारं घासूनपुसून लखलखीत करणारं. हत्यारांचं काम आटल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे हात तंतुवाद्यांकडे वळले. पुढे मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः तंबोरे दुरुस्त करत.

तंबोरा मात्र दुरुस्तीवरच जगतो. तारांच्या ओढीनं तबली बसते, घोडी झिजते, जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीची घासणी, पुन्हा काढावी लागते. भोपळा फुटला तर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा दुसरा बसतो. स्ट्रॅडिव्हरीच्या व्हायोलिनांच्याही माना बदलल्या आहेत म्हणा; पण तिथे नोंदी आहेत. आपल्याकडे वाद्य कोणी, कधी घडवलं हे घरातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक, आणि तेही त्यांच्याबरोबर जातं. शिवाय शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसली, तर ती परदेशी धाडता येत नाही. म्हणजे बाहेरचं गिऱ्हाईकही नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नव्या वाद्याला ओळख मिळेल, तुमच्या जुन्याला वंशावळ नाही. तेव्हा विकू नका. मिरज तासा-दीड तासावर आहे. जवारी काढून आणा, आणि पणजोबांनी तो कोणाकडून घेतला हे आठवत असेल तर आजच लिहून ठेवा.