चारच्या आत परत ये

चि. निनाद यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. ख्रिसमसला तुम्ही मित्र ग्रासमिअरजवळ कॉटेज घेऊन राहणार, याचं तिला कोण कौतुक! बोलता बोलता म्हणाली, ‘सत्तावीसला ते कुठल्याशा स्ट्रायडिंग एजवरून हेल्व्हेलिन चढणार आहेत.’ तिला ती नावं नवीन, मला नाहीत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. हेल्व्हेलिन 950 मीटर, आपलं कळसूबाई 1646. अरे, कळसूबाईला शिड्या आहेत, वाटेत लिंबूसरबत मिळतं, चुकलास तर बारी गावात कोणीही दार उघडेल. तिथे अरुंद धार, दोन्हीकडे कडा, खडकावर गोठलेलं पाणी, आणि चारच्या आतच सूर्य मावळतो. तुम्ही पोरं टॉर्च लावून मध्यरात्री गड चढता, म्हणून अंधाराची भीती तुम्हाला उरलेली नाही. मला भीती वाटते ती त्याचीच.

1805 साली चार्ल्स गफ नावाचा तरुण चित्रकार त्या डोंगरावर गेला आणि तीन महिन्यांनी त्याचे अवशेष सापडले. शेजारी त्याची कुत्री जिवंत होती. वर्ड्‌स्वर्थ आणि स्कॉट दोघांनीही त्यावर कविता केल्या. आईबापांचं काय झालं ते मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही. आणि तो गेला होता एप्रिलात, डिसेंबरात नव्हे!

हिवाळ्यात नॅशनल पार्कचा माणूस रोज हेल्व्हेलिन चढून वरचा बर्फ आणि वारा कळवतो. ते वाचल्याशिवाय बूट घालू नकोस. धारेवर बर्फ असेल आणि क्रॅम्पॉन, आइस ॲक्स वापरायची सवय नसेल, तर तो बेत तिथेच संपला. एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. अडकलात तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. फोन लागला नाही तर शिटी, मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. धावून येणारी ती माणसं पगारी नाहीत. सणाचं ताट सोडून येतात.

फार रागावले ना? लँकेस्टरला नर्स होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी मोरकॅम्बच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचे. हवा स्वच्छ असली की खाडीपलीकडे तुझे हेच डोंगर दिसायचे. वॉर्डातल्या मुलींनी एकदा ख्रिसमसला ॲम्बलसाइडच्या कॉटेजवर चल म्हणून फार आग्रह केला. मी ड्युटी घेतली. जादा पैसे मिळत, आणि तुझ्या बाबाची कॉलेजची फी भरायची होती. त्याला हे सांगू नकोस, उगीच मनाला लावून घेईल. मुली परतल्या त्या लाल नाकांनी, चिखलाने भरलेले बूट घेऊन, खिदळत. मी ओव्हरटाइमच्या नोटा मोजत होते. ते डोंगर शेवटपर्यंत लांबूनच पाहिले.

म्हणून जाऊ नकोस असं माझ्याने लिहवत नाही. ग्रासमिअरहून रायडलला जाणारी जुनी वाट चाल. तिला कॉफिन रूट म्हणतात. नाव अभद्र, वाट गुणी. ईझडेल टार्नला जा, एक दिवस अल्सवॉटरच्या बाजूला एअरा फोर्सचा धबधबा बघ. पंचवीसला रेल्वे नसते, मोठी दुकानंही बंद, तेव्हा डाळ-तांदूळ आधीच भरून ठेव. सारा नेल्सनची जिंजरब्रेड खा. 1854 पासून ग्रासमिअरला मिळते. आमच्या वॉर्डात कोणी आणली की कागदासकट वास घ्यायचो.

आणि सत्तावीसला खाली उतरलास की आधी मला मेसेज टाक. तुझे चार म्हणजे इथे साडेनऊ. मी औषधं घेऊन एरवी नऊलाच आडवी होते, त्या दिवशी बसून राहीन. नुसतं ‘आलो’ एवढं लिहिलंस तरी चालेल. हातमोजे घाल रे. लहानपणी तुझे हात नेहमी गार असायचे.

तुझी,
आत्या