बंदरावरील यारी

आपल्या वरूडच्या बागांतून पूर्वीं मोट चाले. ती आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिली नसेल. त्यांच्या आजोबांनीं खचित पाहिली असेल. बैल धावेवरून उतरूं लागले कीं चाकावरील नाडा ताणला जाई व पाण्यानें भरलेली मोट वर येई. बंदरांत जहाजांवर माल चढविणाऱ्या व उतरविणाऱ्या यारीचें मूळ याच चाकांत आहे.

एका चाकानें केवळ ओढीची दिशा बदलते. अधिक चाकें जोडून ओझें चार दोरांवर तोललें, तर घर्षण सोडतां चौथा हिस्सा बळ पुरतें. मात्र ओझें एक हात चढावयास दोर चार हात ओढावा लागतो.

परंतु यारीची खरी परीक्षा तोलाची. भरलेली बादली छातीशीं धरणें सोपें. तीच हात लांब करून धरून पाहा! यारीच्या बाहूवर 20 मीटरांवर 5 टन ओझें टांगलें, तर गुणाकार 100 होतो. यारीचें स्वतःचें वजन हिशेबांत न घेतां, मागें 4 मीटरांवर 25 टनांचें वजन ठेविलें म्हणजे तोल साधतो. तेंच ओझें 30 मीटरांवर नेल्यास गुणाकार 150 होऊन यारी पुढें कलंडेल, आणि खालीं उभ्या मनुष्यांचे प्राण धोक्यांत येतील. म्हणून किती अंतरावर किती ओझें, याचें कोष्टक चालकाजवळ असतें.

वऱ्हाडचा कापूस मुंबईहून परदेशीं जाई. तेथील प्रिन्सेस डॉक 1880 सालीं उघडला. यारीच्या आंकड्यास माल अडकविण्यासाठीं मजुरांच्या टोळ्या जहाजाच्या पोटांत उतरत. पुढें 1956 सालीं अमेरिकेंत ‘आयडियल एक्स’ जहाजावरून 58 पेट्या, म्हणजे कंटेनर, गेले व सारी रीतच पालटली. 1989 सालीं सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरांत आज धक्क्यावरील रुळांवर प्रचंड यारी चालतात. त्यांची चौकट पेटीचे चार कोपरे कुलुपांनीं पकडते; चालक वरच्या फिरत्या खोलींत बसून पायाखालच्या कांचेंतून पाहतो. एक पेटी दोनतीन मिनिटांत उतरते. या सोयीपायीं मुंबईच्या गोदींतील हजारों मजुरांचें काम गेलें, हेंहि आम्हांस सांगितलें पाहिजे.

वारा मात्र अजून कोणाच्या ताब्यांत नाहीं. लोंबती पेटी झोके घेऊं लागली कीं चालकास ती स्थिर करावी लागते. वादळाची सूचना येतांच काम थांबवून यारी जागच्या जागीं खिळींनीं जखडून ठेवितात.